वडील तंबूपाशी उभे आहेत

गुलाबराव, तू गेलास हे आर्वीला खरंच वाटेना, कारण सांगणारा मी होतो.

सायकलरिक्षावर भोंगा बांधला, पायाशी बॅटरी ठेवली आणि सकाळच्या उन्हात पेठेतून निघालो. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ इथपर्यंत आलो, तर पानठेल्यावरचे लोक माना वळवून हसायला लागले. पोलीस जमादार म्हणून तुझं नाव घेतलं तसा एक जण ओरडला, "माईकवाले, काल जमादाराच्या हातून वाघ मारला, आज जमादारालेच मारून राह्यले का?" कापसाच्या मार्केटात एक अडत्या गादीवरून म्हणाला, "अन् जिवंत किती वाजता होनार हाये? तेवढंबी सांगून टाका, म्हंजे त्या हिशोबानं जेवन करतो." मी रडत होतो, गुलाबराव. भोंग्यातून रडणं कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं. नुसती खरखर येते. लोकांना वाटलं बॅटरी उतरली.

अर्धं गाव तुझ्या दारात हसऱ्या तोंडानं आलं. माझी फजिती बघायला आलं होतं ते. अंगणात तिरडी बांधणं चाललेलं पाहिलं आणि ते हसू तसंच तोंडावर राहिलं, कुठं जावं ते त्याला समजेना. तो अडत्या तर माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाप्पा, तुमी आधी का नाई सांगितलं का खरं हाये म्हनून?" काय सांगू त्याला? वीस वर्षं या गावाला तुझ्या नावानं जे काही खाऊ घातलं, त्याचं हे अजीर्ण.

आणि तू एवढा गचाळ कसा मेलास रे? मी तुझ्यासाठी केवढी मरणं राखून ठेवली होती. एक पुराचं होतं, त्यात तू वर्धा नदीतून तीन म्हशी आणि एक तहसीलदार बाहेर काढून मग जाणार होतास. एक विजेचं होतं. तू मात्र दुपारी जेवलास, बाजेवर आडवा झालास, चहाच्या वेळेला उठला नाहीस. यात सांगण्यासारखं काय आहे? मी कुठून सुरू करू आणि कुठे फोडणी घालू?

बेबी आली होती. तुझी बेबी. तळेगावला निरोप पोचला तशी नवऱ्यासोबत मिळेल त्या एसटीनं आली आणि सरण पेटायच्या आधी पोचली. दूर उभी राहिली. तुझ्या पुतण्यानं अग्नी दिला. सगळे पांगले तरी ती उभीच. मग तुझ्या घरी आली, पदर खोचला आणि तेरवीपर्यंत राहिली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर अंगणात राखेनं तुझा पितळेचा लोटा घासत होती. मान खाली. तशीच म्हणाली, "काका, बाबानं मले कधी बलावलं होतं का? एकदा तरी? खरं सांगजा."

मी, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तो म्हणालो, "आधी चहा टाक, मग सांगतो."

चहा झाला. पिऊन मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी दहाव्याच्या सामानाची यादी काढून बसलो, त्याच्या पुढच्या दिवशी मंडपाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसलो. ती माझ्याकडे बघायची आणि मी मंडपाकडे. तुला सांगतो, अडकलो होतो मी. ‘नाही बलावलं’ म्हणावं तर तू दगड ठरतोस, जन्मभराचा. ‘बलावलं होतं’ म्हणावं तर ती म्हणेल, मग मी गेली कशी नाही? बापानं बोलावलं आणि आपण गेलो नाही, हे ओझं घेऊन ती पोरगी तळेगावच्या एसटीत कशी चढणार? आणि या दोन्हींहून मोठी भीती वेगळीच होती. खरं सांगितलं आणि तिला ते पटलंच नाही तर? सांगणारा मी होतो.

तुझी तक्रारच होती ना ती. "भोंग्या, लेका, तू मले हाये तसा राहूच देत नाई." तू होतास तसाच मी तुला ठेवला असता तर आठवड्यात गाव तुला विसरलं असतं. तो खिसेकापू आठवतो? मार्केटातून पाकीट मारून पुलगावच्या छोट्या गाडीत बसला तो. ती आपली गाडी, जिच्यातून उतरून लोक शेतात बोरं खायचे आणि पळत जाऊन पुन्हा त्याच डब्यात बसायचे. तू घरी जाऊन भाकर खाल्लीस, सायकल काढलीस आणि पुलगावच्या फलाटावर बेडी घेऊन बाकावर बसून राहिलास. मी सांगताना तुला पायी नेलं.

"सायकलनं गेलतो मी."

"सायकल कोनाले ऐकाची हाये? मी तुले चालत नेलं."

"चालत ठीक हाये. पन उलटा काऊन चालवला बे?"

"गाडीतल्या लोकाईसंगं बोलता याव म्हनून."

तू मिशीतल्या मिशीत हसलास आणि तेवढ्यात मिशीचा काळा रंग ओठावर उतरला तो तुला कळला नाही. ती मिशी! दर रविवारी तू तिला रंग लावायचास, सोमवारी ती जिल्ह्यात सगळ्यात काळी वस्तू असायची आणि शनिवारपर्यंत कडेनं पांढरी होत जायची. चोर लोक वार मिशीवरून ओळखायचे, हे मी सांगतो. पण हे खरं आहे की चोरांनी तुझी काठी कधी चाखली नाही. ती काठी मी उगारलेली पाहिली ती फक्त कुत्र्यांवर, आणि तीही कुत्री तुझ्या ओळखीची. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे मोहाची गाळणाऱ्यांना तुझ्या नाकाचा फार धाक. सर्दी झालेली असताना तू वाऱ्याकडे तोंड करून नुसता उभा राहायचास, की अर्धे गाळणारे मडकी फोडून टाकायचे. त्यांनी माझ्याकडून ऐकलेलं असायचं की जमादाराला आर्वीत उभं राहून आष्टीचा वास येतो. दारुड्याशी तू हिंदीत बोलायचास, चोराशी मराठीत आणि साहेबाशी बोलायचाच नाहीस. "चल बे, सीधा चल, ये सडक तेरे ससुर की नहीं है," असं म्हणत तू त्याला घरी नेऊन सोडायचास आणि दारातून त्याच्या बायकोला हात जोडायचास, "माय, आज मारू नोको याले. उद्या मार."

पोळ्याच्या तोरणाला तू अटक केलीस, ते मात्र जवळजवळ तसंच घडलं, त्याला मी फार हात लावलेला नाही. पेठेतले म्हणत होते आमची जोडी आधी तोरणाखालून जाणार, बापजाद्यांपासून जाते. पुऱ्यातले म्हणत होते, मग आमच्या दावणीला काय शेळ्या आहेत? बैल सजून उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि माणसांचे डोळे बैलांपेक्षा लाल. काठ्या निघाल्या. तू एका बैलबंडीवर चढलास, आंब्याच्या पानांचं ते तोरण दोन्ही टोकांनी सोडलंस, गुंडाळून काखेत मारलंस आणि म्हणालास, "भांडनाचं मूळ हे हाये. मी याले अटक करून राह्यलो. ज्याले याच्याखालून जाचं असन त्यानं चौकीत याव."

तोरणाशिवाय पोळा फुटत नाही. सगळे जत्थेच्या जत्थे बैल घेऊन तुझ्या मागं चौकीत आले. तिथं तू ते चौकीच्या मोठ्या फाटकाला बांधलंस. फाटक ट्रक जाण्याएवढं रुंद. दोन्हीकडच्या जोड्या एकाच वेळी, शिंगाला शिंग लागेल अशा बाहेर पडल्या आणि आधी कोण गेलं यावर दोन्ही बाजू आपापल्या घरी जिंकून गेल्या. मी सांगताना फक्त तोरणाला बेडी घालतो. एवढी तर मुभा असू दे.

तू आलास तेव्हा आर्वीत माणूस चालीवरून ओळखू यायचा. नंतर शेतात कॉलन्या झाल्या, डेपोपुढे ऑटो उभे राहिले, मार्केटात रोज नवे चेहरे. एवढ्या वाढत्या गावाला एक मिशी आणि एक भोंगा पुरत होता, हे आता कोणी मानणार नाही. तू माणसं सांभाळायचास, मी तुझा धाक सांभाळायचो. आणि तुला आठवतं, तुझं सगळ्यात आवडतं काम कोणतं होतं? पळून गेलेली पोरं-पोरी धरून आणणं. डेपोवर वर्धेच्या एसटीत बसलेली जोडी तू खिडकीतूनच ओळखायचास. कारण काय, तर ती दोघं एकमेकांकडे अजिबात बघत नसायची. चौकीत आणून त्यांना आधी चहा द्यायचास, मग पोरीच्या बापाला बोलावणं. बाप यायचा तो चप्पल हातात घेऊनच. तू त्याला खुर्ची द्यायचास आणि म्हणायचास, "पाटील, पोरगी हरपली होती ना? सापडली. हरपलेलं सापडलं तर मानूस खुश होते का मारते?" किती लग्नं लावलीस तू त्या चौकीत! हार तुझ्या खर्चानं, मंगलाष्टकं माझ्या भोंग्यावर.

आणि मग बेबी गेली.

तिची माय गेल्यावर तिला तूच वाढवलीस. तिच्या वेण्या तू घालायचास. काय त्या वेण्या! कैद्याला आवळावं तशा लाल रिबिनी आवळायचास, पोरीच्या भुवया वर जायच्या, आणि ती शाळेत दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी बसायची. ती कॉलेजात गेली. बुधवारच्या बाजारात तळेगावचा रामदास वांगी, कोथिंबीर घेऊन यायचा. शांत पोरगा, नजर खाली. माझ्या माईकच्या दुकानासमोरच त्याची पाटी. मला दिसत होतं, सगळ्या बाजाराला दिसत होतं, तुझ्या त्या आष्टीपर्यंतचा वास घेणाऱ्या नाकाला तेवढं आलं नाही. त्यांनी वर्धेला जाऊन रजिस्टर लग्न केलं. ती निघाली त्या सकाळी मी धापा टाकत तुझ्याकडे आलो, म्हटलं, "गुलाबराव, एसटी अजून सुटाची हाये. पोरगी डेपोवर हाये."

तू आरशासमोर दाढी करत होतास. म्हणालास, "कोनाची?"

मी जन्मभर खोटं बोललो, खोट्यावर पोट भरलं, पण एका शब्दात एवढं मोठं खोटं मला कधी साधलं नाही.

तू डेपोवर गेला नाहीस. वर्दी चढवून ड्युटीवर गेलास. चौकीत त्या दिवशी कोणी मोठ्यानं शिंकलंही नाही. पुढं वर्षानुवर्षं माझ्या दुकानातल्या फळीवर बसून आपण तेच ते भांडण खेळत राहिलो. मी म्हणायचो, लोकांच्या पोरींना चहा पाजतोस, स्वतःच्या पोरीला पाणी नाही? तू म्हणायचास, "तिनं मले विचारलं असतं, तर मी काय नाई म्हनलो असतो?"

"हो. म्हनला असता."

"हो," तू म्हणायचास. "म्हनलो असतो. पन मंग मानलो असतो ना."

या ‘मंग’पाशी येऊन आपलं भांडण दर वेळी थांबायचं. अजूनही ते तिथंच थांबलेलं आहे, गुलाबराव. त्याच्या पुढं कोणी सरकवलं नाही.

आता ती जत्रा. टेकडीवरच्या महादेवाची, शिवरात्रीची. दरवर्षी पायथ्याशी एक तंबू लागायचा, त्यात निम्मी पोलीस चौकी आणि निम्मा माझा माईक. हरवलेलं पोरगं सापडलं की आणून तुझ्याजवळ बसवायचं. तू त्याला बत्तासा द्यायचास आणि त्याच्या बापाचं नाव काढून घ्यायचास. पोरगं हरवलं म्हणून बाप रडत आला, तर आधी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचास की मारणार नाही. मगच मला पुकारायला सांगायचास. तुझं म्हणणं, पोट्टं हरपते ते वेगळं आणि सापडत नाई ते वेगळं. सापडत नाई ते मार बसन या भेवानं लपते म्हनून. त्यामुळे माझ्या प्रत्येक पुकाराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: वडील रागावणार नाहीत. जत्रेतले दुकानदारसुद्धा ते पाठ म्हणायचे.

तुझी वर्दीतली ती शेवटची जत्रा होती. उन्हाळा लागलेला. दुपार कलली तसा तू तंबूत आलास, आत कोणी नाही हे पाहिलंस आणि माईककडे न बघता म्हणालास, "एक पुकारा कराचा हाये. हरपल्याचा. मी सांगतो तसाच कर. एक शबुद इकडचा तिकडे केला तर तुले बॅटरीसकट उचलून फेकीन."

तू सांगत गेलास, मी ऐकत गेलो. दुसऱ्याच वाक्याला मी माईकच्या बटणावरचा हात काढून घेतला.

"वय काय सांगू?" मी विचारलं.

तू विचार केलास. "वय सांगू नोको."

मग मी पुकारलं. हरवली आहे. बेबी नावाची मुलगी. रंग सावळा, उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण, दोन वेण्या, लाल रिबिनी. बोलते फार. वडील पोलीस तंबूपाशी उभे आहेत. वडील रागावणार नाहीत.

आयुष्यात ही एकच गोष्ट मी मीठमसाला न लावता भोंग्यातून बोललो असेन. तू बाहेर जाऊन उभा राहिलास. तळेगावच्या बंड्या जिथं सुटल्या होत्या त्या वाटेकडे तोंड करून. आणि टोपी काढलीस. मी आतून ओरडलो, "टोपी काऊन काढली बे? ऊन लागन."

"टोपीत लांबून सगळे पोलीस सारकेच दिसतेत," तू म्हणालास.

पुन्हा पुकारलं. पुन्हा. लोक भले, गुलाबराव. सावळ्या, दोन वेण्यांच्या पोरी घेऊन येऊ लागले. एक तर केवढीशी होती, काखेत बसणारी, तिला बोलताही येत नव्हतं. तू प्रत्येकीकडे नीट वाकून बघितलंस, जणू खरंच ती असू शकते, प्रत्येकीला बत्तासा दिलास आणि आणणाऱ्याला म्हणालास, "हे नोहे बाप्पा. पन तुमचे उपकार." ऊन उतरलं. बंड्या जुंपल्या जाऊ लागल्या, घुंगरं वाजत वाटेला लागली. लायटीवाला माळा उतरवायला आला तेव्हा तू टोपी घातलीस. "चाल, सामान आवर."

त्यानंतर तू रिटायर झालास. रोज माझ्या फळीवर यायचास आणि मी रोज म्हणायचो, तळेगावला जाऊ, एसटीनं किती वेळ लागतो? तू म्हणायचास, "बलावलं ना मी? चारचौघात, भोंग्यावर बलावलं. आली नाई. तिचा राग गेला नाई अजून, बस. आता समन्स काढू का तिच्या नावानं?" मलाही वाटायचं, ऐकून आली नाही. तू तेच घेऊन गेलास.

तेरवी झाली. जेवणावळ उठली, मंडप उतरला, मला दोऱ्या सोडवायलाही काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी पिशवी भरून ओट्यावर बसली होती. रामदास एसटीची चौकशी करायला गेला होता. ती म्हणाली, "काका, आता तरी सांगान का?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. जसं झालं तसं, तू म्हटलं होतंस तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. भुवईची खूण, लाल रिबिनी, वडील रागावणार नाहीत. ती ऐकत होती आणि तिच्या ओठांवर हळूहळू हसू आलं. कोणतं हसू ते मी लगेच ओळखलं. पानठेल्यावरच्या लोकांचं होतं तेच.

"काका, राहू द्या ना," ती म्हणाली, अगदी मायेनं. "तो पुकारा तुमीच केल्ता. मले मालूम हाये."

"तुले मालूम हाये?"

"मी ऐकला ना. बांगड्याच्या दुकानापाशी होती मी. हातात बांगड्या चढवून राह्यली होती. आवाज तुमचा. मले वाटलं, काकाची गंमत हाये. आमाले जवळ आनाले, बाबाले न इचारता करून राह्यले. बाबाले कळलं तर सगळ्या जत्रेपुढे तमाशा होईन, तुमचाबी अन् माह्याबी. तरी आली होती मी."

"कुठी आली होती?"

"तंबूपर्यंत. मागून. बाबा दिसले ना मले, पाठमोरे. तिकडे तोंड करून उभे होते. पन ते तर दरवर्षीच तथी उभे राहत. ड्युटीच होती त्याईची. मी म्हनलं, पाह्य, याईले तर काही मालूमबी नाई. डोक्यावर टोपी नव्हती. उकडत असन, वाटलं मले. गेली मी वापस. म्हनलं बैल जुंपा."

गुलाबराव, तू बंड्यांच्या वाटेकडे बघत होतास आणि ती तुझ्या पाठीशी उभी होती. हात लांब केला असता तर वर्दीला लागला असता. एवढं निर्दय मला कधी सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं, इतका वाईट मी नाही.

मी तिला फक्त टोपी का काढली होती ते सांगितलं. तुझेच शब्द, तेवढेच.

तिचं हसू गेलं. रामदास आला, म्हणाला, तळेगावची लागली आहे. ती उठली नाही. तो आमच्या दोघांकडे बघून पुन्हा फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मग ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षाही ते लवकर संपलं.

"एवढंच?" तिनं पिशवी बाजूला सारली. "काका, थोडं लांबवून सांगा ना. तुमी तर बाबाचं शिंकनंबी घंटाभर सांगता. हे एवढंच काऊन सांगता? मी नाई म्हनत खोटं हाये म्हनून. काहीबी सांगा. काही म्हनले असतीन ते. माह्या नावानं काही म्हनले असतीन."

माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं रे. वीस वर्षांचा कारखाना तो, एका रात्रीत थोडाच बंद पडतो? तू रडलास म्हणालो असतो. तू महादेवाला साकडं घातलंस म्हणालो असतो. बेबी बेबी म्हणत तू ती टेकडी चढून गेलास आणि जत्रेतली सगळी घुंगरं थांबली, असं मी सांगितलं असतं, आणि तिनं ते मानलं असतं, आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रत्येक शब्द कोणीतरी खरा मानला असता.

"लांबवाले काही नाई, माय," मी म्हणालो. "उभा होता. ऊन गेलं तरी उभा होता. मधात एकदाच तोंड वळवून मले इचारलं त्यानं."

"काय?"

"म्हने, आवाज जाते का बराबर? पार शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाते का?"

तिनं पदर तोंडात धरला. तुझ्यासारखीच आहे ती, आवाज न करता रडते.

मी तेव्हा तुला म्हणालो होतो, "जाते." ते खरं होतं, गुलाबराव. ऐकू जात होतं.